घरी स्टेक फाहिता (भाजलेल्या मांसाचे काप आणि सिमला मिरची-कांदा, पातळ पोळीत गुंडाळून) केला की मांस चिवट होतं, तव्यात पाणी सुटतं. काय चुकतंय?

बहुतेक वेळा दोनच गोष्टी: तवा कमी तापलेला आणि काप चुकीच्या दिशेने.

टेक्सासकडे यासाठी बैलाच्या पोटाचा 'स्कर्ट' पट्टा घेतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशाचं मांस बंद, म्हणजे इथे म्हशीचंच मिळणार. खाटकाकडे 'अंडरकट' मागा. सगळ्यात मऊ भाग तोच. अर्धा किलोचे २ सेंटीमीटर जाड तुकडे करून १ लिंबाचा रस, २ चमचे तेल, ४ ठेचलेल्या लसूण पाकळ्या, जिरेपूड आणि तिखट १-१ चमचा, पाऊण चमचा मीठ चोळा. फ्रीजमध्ये २ तास पुरेत. रात्रभर ठेवलंत तर लिंबामुळे वरचा थर भुसभुशीत होतो.

भाजण्याआधी मांस कोरडं टिपा, ओलं मांस भाजत नाही, उकडतं. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा (फ्लॅटमध्ये खिडकी आधीच उघडा!). एका वेळी दोनच तुकडे, दोन्ही बाजूंनी ३-३ मिनिटं. मग ५ मिनिटं ताटलीत राहू द्या, झाकू नका.

आता मांसाच्या धाग्यांच्या रेषांना आडवे, पातळ काप. कापलेल्या बाजूवर ठिपके दिसले तर बरोबर; लांब दोरे दिसले तर तुकडा फिरवा.

सिमला मिरची आणि कांदा त्याच तव्यात, मोठ्या आचेवर ३ मिनिटं, मीठ उतरवताना. टॉर्टिया (मेक्सिकन पातळ पोळी) नसेल तर मैद्याची पातळ पोळी करा. घडीची नको, पापुद्रे सुटून सारण सांडतं.