लॉगिन एकच, म्हणून पाच कॅल पुरतील का?

विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी पोर्टलसाठी एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टची डेटाबेस प्रणाली) घ्यायचा आहे, वेबसाइट डेटाबेसला एकाच लॉगिनने जोडलेली आहे, म्हणून सर्व्हरच्या परवान्याबरोबर पाच कॅल (तो सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा उपकरणासाठी वेगळा घ्यायचा परवाना) पुरतील असे विक्रेत्याने तोंडी सांगितले आहे, असे आपण लिहिले आहे. ते वाचून पोटात गोळाच आला, कारण हाच हिशेब आमच्या परीक्षा-अर्जाच्या पोर्टलला भोवला होता.

मध्ये वेब सर्व्हर घातल्याने कॅलची संख्या कमी होत नाही. मायक्रोसॉफ्ट वेब सर्व्हरच्या पलीकडची माणसे मोजते, आणि अर्ज भरणारा प्रत्येक विद्यार्थी त्यांत येतो. माणसे मोजता येत नसतील तिथे प्रोसेसरच्या कोअरनुसार परवाना घ्यावा लागतो. तोही एका व्हर्च्युअल मशीनला (एका संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकाला) किमान ४ कोअरचा, म्हणजे मशीन दोनच कोअरचे असले तरी पैसे चारचे. शिवाय २०२२ च्या आवृत्तीपासून केवळ व्हर्च्युअल मशीनपुरता परवाना हवा असेल, तर सॉफ्टवेअर ॲश्युरन्स (मायक्रोसॉफ्टची सशुल्क देखभाल योजना) किंवा वर्गणी लागते.

परीक्षा-अर्जाच्या त्या पोर्टलच्या मागणीपत्रात मी ‘कोअरनुसार’ असे स्पष्ट लिहिले होते. आलेल्या तीन दरपत्रकांपैकी दोन कोअरची होती आणि तिसरे सर्व्हर व २५ कॅलचे. खरेदी पाहणाऱ्या कार्यालयाने तुलनात्मक तक्त्यात तिन्हींपुढे ‘नग : १ संच’ एवढेच लिहिले आणि अर्थातच तिसरे सर्वांत स्वस्त ठरले. चूक माझी ही, की ‘तांत्रिकदृष्ट्या योग्य’ या शेऱ्याखाली मी दरपत्रके न उघडता सही केली. पुढे परवाना-पडताळणीचे पत्र आले, तेव्हा त्याच कार्यालयाने माझी सही मलाच दाखवली, आणि फरकाच्या रकमेची फाइल कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायची यावर टेबलामागून टेबल फिरत राहिली. आजही ते आठवले की संताप होतो.

माझे मत विचाराल तर नव्या प्रकल्पासाठी पोस्टग्रेएसक्यूएल हे मुक्त डेटाबेस सॉफ्टवेअर घ्यावे. त्याला परवाना शुल्क नाही, मात्र ते सांभाळणाऱ्या माणसाची तरतूद देखभाल करारात हवीच. शेकडो स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम) असलेले जुने पोर्टल मात्र केवळ परवान्याच्या धास्तीने तिकडे हलवू नये. पोर्टल लहान असेल, तर एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती विनामूल्य असून प्रत्यक्ष वापरात चालते. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत प्रत्येक डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, त्यामुळे स्कॅन केलेली प्रमाणपत्रे डेटाबेसबाहेर ठेवावीत. एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारा भाग) नसतो, म्हणून रोजचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर लावावा. डेव्हलपर आवृत्तीही फुकट आहे, पण ती चालू पोर्टलला वापरता येत नाही.

मी कायद्याचा जाणकार नाही, आणि शैक्षणिक करारांच्या अटी संस्थेनुसार बदलतात. म्हणून आपल्या विद्यापीठाचा करार स्वतः वाचावा, आणि ‘पाच कॅल पुरतील’ हे वाक्य विक्रेत्याकडून लेटरहेडवर मागून पाहावे. आमच्या विक्रेत्याने ते दिले नव्हते.