सिंहाचं मानधन

प्रश्न : जाहिरातीत वाघ-सिंह दाखवणाऱ्या कंपन्यांनी त्यांच्या रक्षणासाठी पैसे द्यावेत, ही अपेक्षा अवाजवी आहे का?

उत्तर : मुळीच नाही. मॉडेलला मानधन मिळतं, मग ज्याच्या आयाळीवर माल खपतो त्या सिंहाला का नको? २०१८मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने ‘द लायन्स शेअर’ हा निधी याच विचारातून सुरू केला. प्राणी असलेल्या जाहिरातीच्या माध्यमखर्चातला (ती टीव्ही, वर्तमानपत्रं वगैरेंत झळकवण्याच्या खर्चातला) ०.५ टक्का वन्यजीवांसाठी द्यायचा. अर्थात, ऐच्छिक.

मी जंगलातले कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे, सांभाळायचो. एका कंपनीने वाजतगाजत नवे कॅमेरे दिले. पुढच्या वर्षी बॅटऱ्यांनाही पैसे नव्हते; पावसाळ्यानंतर उघडले तर आत मुंग्यांचं वारूळ! रक्कम थोडी चालेल हो, पण दरवर्षी यायला हवी. गस्तीवाल्याचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो.