भाकरी आणि भाजीची कुस्ती लावू नकोस

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. एका बाजूला ‘अख्खी धान्यं’, दुसऱ्या बाजूला ‘हिरव्या भाज्या’, खाली १०० ग्रॅममागे लोह, कॅल्शियम, प्रथिनं, तंतू, आणि प्रत्येक ओळीत जिंकणाऱ्यावर लाल टिंब. मेहनत दिसते. शेवटी तुझा प्रश्न आहे: ‘बाई, लोहात बाजरी पालकाच्या दुपटीहून पुढे आहे, मग हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांना आपण पालेभाजी खा म्हणून का सांगतो? नेमकं काय खा म्हणू?’

अगं, दोन्ही. एका ताटात, एका घासात. एवढंच लिहून पत्र संपवलं असतं, पण तू तिकडे पारनेरच्या बाजूला आहाराचा सल्ला द्यायला रोज नव्या बायकांसमोर बसतेस आणि तुझा गोंधळ त्यांच्या घरापर्यंत जातो. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुझं लाल टिंब बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७ चा अन्नघटक तक्ता तूही वापरलास. त्यात बाजरीत १०० ग्रॅममागे साधारण ६.४ मिलिग्रॅम लोह आहे, पालकात २.९५. बरोबर उतरवलंस. पण बाजरीचं ते कोरडं धान्य आहे आणि पालक म्हणजे दहात नऊ भाग पाणी. आता तेच आकडे उष्मांकावर मांड. १०० किलोकॅलरीची बाजरी म्हणजे ३० ग्रॅमही नाही, त्यातून लोह मिळेल १.८ मिलिग्रॅम. १०० किलोकॅलरीचा पालक म्हणजे ४०० ग्रॅमच्या वर, आणि त्यात लोह १२ मिलिग्रॅम. टिंब पालकावर गेलं! पण एका बैठकीला ४०० ग्रॅम पालक कोण खातं? दोन्ही हिशेब खरे, आणि दोन्हींतून त्या बाईला काही मिळत नाही. कारण ती १०० ग्रॅम खात नाही आणि १०० किलोकॅलरीही खात नाही. ती ताट खाते. तुलना करायचीच असेल तर ताटाची ताटाशी कर.

दुसरं म्हणजे तुझे दोन रकाने. ‘धान्य’ नावाचं एक काही नसतं. त्याच तक्त्यात पॉलिश केलेल्या तांदळात लोह ०.६५ आहे, म्हणजे बाजरीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. नाचणीत कॅल्शियम ३६४ मिलिग्रॅम, ज्वारीत २८ सुद्धा नाही. भाज्यांचंही तेच. कोबी हिरवा दिसतो, पण मेथीत लोह ५.७ आणि कोबीत ०.३५. बाजरी आणि पॉलिशच्या तांदळाची सरासरी काढून तू कोणाला सल्ला देणार आहेस? तुझ्याकडे येणाऱ्या कित्येक घरांत रेशनच्या गहू-तांदळाने बाजरी मागे सारली आहे. तिथे ‘धान्य खा’ सांगून काय होणार? कोणतं धान्य, पीठ चाळून कोंडा कुठे जातो, हे विचार. पाहुणे आले की चपातीचं पीठ दोनदा चाळतात. तो कोंडा गुरांपुढे जातो.

आता मुख्य गोष्ट. तक्त्यातला आकडा अन्नात किती आहे ते सांगतो, अंगी किती लागेल ते सांगत नाही. बाजरीत फायटेट असतं, ते लोहाला धरून ठेवतं. पालकात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. दुधातलं कॅल्शियम पाव हिश्शाच्या वर शोषलं जातं, पालकातलं जेमतेम वीसातला एक भाग. तू माठाच्या पुढे कॅल्शियम ३३० लिहून टिंब दिलंस, पण माठातही ऑक्झलेट भरपूर आहे. मेथीत २७४ आहे, आणि तिथे ही अडचण कमी. म्हणजे तुझ्या तक्त्यात हरलेली मेथी पोटात जाऊन जिंकते. हे तुला वर्गात शिकवलं होतं, आणि तू लिहूनही घेतलं होतंस.

मग धान्यातलं लोह सोडवायचं कसं? ‘क’ जीवनसत्त्वाने. ते त्याच जेवणात असलं पाहिजे, सकाळचं रात्री चालत नाही. ते भाकरीत नाही, ते हिरव्या पाल्यात आहे, लिंबात आहे, पेरूत आहे. भाजी भाकरीला कामाला लावते. आणि भाजीत जी ऊर्जा नाही ती भाकरी देते, नाहीतर नुसत्या पाल्यावर शेतात दिवसभर वाकून खुरपणी होत नाही. पाल्यातल्या कॅरोटीनला, ज्याचं अंगात ‘अ’ जीवनसत्त्व होतं, थोडं तेल लागतं, ते फोडणीत आहे, शेंगदाण्याच्या कुटात आहे. यातलं एक काढलंस की दुसरं अडतं. म्हणून मी म्हणते, एका घासात.

यासाठी मी आयुष्यभर भांडले, तेही ऐक. ज्या रुग्णालयात मी आहारविभाग सांभाळला तिथे दुपारी भाकरी आणि बटाट्याची रस्साभाजी असायची, पालेभाजी रात्री भाताबरोबर. दिवसाची बेरीज केली तर कागदावर सगळं पुरं भरायचं. लोह पुरं, ‘क’ जीवनसत्त्व पुरं. मी म्हटलं, दिवसाची बेरीज नको, ताटाची करा. पालेभाजी दुपारी भाकरीशेजारी आणा आणि प्रत्येक ताटात लिंबाची एक फोड द्या. पालेभाजी सकाळीच निवडून कशी होणार, माणसं कुठून आणणार, म्हणून स्वयंपाकघर माझ्यावर रुसलं. तरी ती मी दुपारी आणवलीच. लिंबाला मात्र ‘चवीची बाब’ असा शेरा मिळाला. दरवर्षी मागितलं, दरवर्षी तोच शेरा. मी निवृत्त झाले तोवर ती फोड ताटात आली नव्हती. बाळंतिणींच्या वॉर्डातून फिरताना भाकरीशेजारची ती रिकामी जागा मला दिसायची, आणि आजही ते सलतं. बरोबरीचे लोक मला हटवादी म्हणायचे. एवढ्याशा फोडीसाठी एवढं काय, असं माझ्या तोंडावर विचारायचे. पण खर्चाच्या मानाने त्या फोडीइतकं काम करणारी दुसरी वस्तू त्या स्वयंपाकघरात नव्हती. मी तेव्हाही बरोबर होते, आजही तेच म्हणेन.

भाकरीला कमी लेखणाऱ्यांसाठी एक गोष्ट ध्यानात ठेव. महाराष्ट्रातच, वसतिगृहात राहणाऱ्या शाळकरी मुलांना लोह वाढवलेल्या बाजरीची भाकरी दिली गेली, आणि काही महिन्यांत त्यांच्या अंगातला लोहाचा साठा वाढला. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. फायटेट आहे म्हणून बाजरी टाकाऊ, असं कोणी तुला सांगितलं तर ऐकू नकोस. नाचणीला मोड आण, पीठ ताकात भिजवून रात्रभर आंबव, फायटेट कमी होतं. आपल्या आज्या आंबील करत होत्या, तीच ही रीत.

आता हिशेब ताटातून कर. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं. त्यातलं थोडंच शोषलं जाणार, हे धरूनच तो आकडा ठरवला आहे. दिवसभरात २०० ग्रॅम बाजरीचं पीठ पोटात गेलं तर १३ च्या आसपास. १०० ग्रॅम मेथी, म्हणजे शिजून लहान वाटीभर, आणखी साडेपाच. उरलेलं डाळ, हरभरे, मटकी, तीळ यांतून. बघ, एकट्या बाजरीने भरत नाही, एकट्या भाजीने तर नाहीच. राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) निघालं. त्यांना कुस्तीचा निकाल नको आहे. आणि हो, लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चालूच राहू देत. ताट गोळीची जागा घेत नाही.

साखरेच्या रुग्णांचंही तू विचारलंस. भाकरी सोडा म्हणू नकोस. तीनच्या दोन कर, भाजीची वाटी दुप्पट कर, डाळ घाल. पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वंही धान्यातून ४५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा नको, एवढंच म्हणतात. शून्य करा असं कुठेही म्हणत नाहीत.

बायका भाजी का खात नाहीत याचा रकाना तुझ्याकडे नाही, आणि मला तोच सगळ्यात जास्त खटकला. संध्याकाळी सातला शेतावरून आलेली बाई मेथीची जुडी सोडून बसते तेव्हा माती, गवताच्या काड्या, पिवळी पानं काढता काढता अर्धा तास जातो. चूल पेटायची असते, पोरं भुकेली असतात. ती ठेचा वाटते आणि मोकळी होते. तिला ‘पालेभाज्या भरपूर खा’ असं छापील वाक्य देऊ नकोस. शेवग्याचा पाला सांग, डहाळी ओढून ओरबाडला की झालं. त्यात ‘क’ जीवनसत्त्व १०८ मिलिग्रॅम आणि कॅल्शियम ३१४ आहे. करडईचा कोवळा पाला सांग. मराठवाड्यात मेथीचा घोळाणा करतात: धुतलेली कच्ची पानं चिरून, कांदा, कूट, तेल, मीठ. शिजवायचं नाही, त्यामुळे ‘क’ जीवनसत्त्व टिकतं. हरभऱ्याचा पाला थंडीत वाळवून ठेवता येतो. त्यातलं ‘क’ जातं, पण लोह राहतं, तेव्हा त्यावर लिंबू पिळायला सांग, भांडं उतरवल्यावर.

आणि चहाचं विचार. सकाळी काय खाता म्हटलं की उत्तर येईल, चहा-भाकरी. रात्रीची उरलेली भाकरी चहात बुडवून खातात, आणि चहातलं टॅनिन तिच्यातलं लोह नीट शोषू देत नाही. पुढच्या आठवड्यात आधी हेच धर. चहा तासभर मागेपुढे करा, भाकरी रात्रीच्या भाजीशी खा, भाजी नसेल तर कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. पहिल्या दहा-बारा घरांत कोण काय म्हणालं ते त्यांच्याच शब्दांत लिहून मला कळव.

तुझी,
बाई