उंदरांना फ्लूची डीएनए लस देण्याआधी

प्लाझ्मिडचं (लसीचं जनुक वाहणाऱ्या गोल डीएनएचं) 260/280 गुणोत्तर (260 नि 280 नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं, शुद्धता दाखवणारं) 1.8 ते 2.0 आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यात एंडोटॉक्सिन, म्हणजे प्लाझ्मिड वाढवलेल्या जीवाणूंच्या कवचातलं विष, दिसतच नाही. ते राहिलं तर रिकाम्या (लसीचं जनुक नसलेल्या) प्लाझ्मिडनेही प्रतिकारशक्ती चाळवते नि तुलना बिघडते.

मांडीच्या स्नायूत 50 मायक्रोग्रॅम डीएनए, 50 मायक्रोलिटर सलाइनमधून, सावकाश. सुई त्वचेखालीच राहिली तर डोस वाया. दुसरा डोस तीन आठवड्यांनी, रक्त त्यापुढे दोन आठवड्यांनी.

एचआय चाचणीत प्रतिपिंडं विषाणूला तांबड्या पेशी एकत्र चिकटवण्यापासून किती रोखतात ते मोजतात. तिच्याआधी सीरममध्ये आरडीई (विषाणू ज्या साखरेला चिकटतो ती काढणारं विकर) घालून 37 अंशांवर रात्रभर ठेवा, मग 56 अंशांवर अर्धा तास. हे टाळलंत तर सीरममधलेच इतर घटक विषाणूला अडवतात आणि लस न दिलेला उंदीरही ‘संरक्षित’ दिसतो! लसीतलं जनुक एचएऐवजी (विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) एनपीचं (विषाणूच्या आतलं प्रथिन) असेल तर मात्र ही चाचणी निरुपयोगी. तिथे टी-पेशी मोजा.