बांधात रोवलेलं फावडं

लाडके ठमे,

परवा जेवताना तू विचारलंस आणि मी "आधी भाजी संपव" म्हणून वेळ मारून नेली. खरं कारण असं की मला उत्तर सुचत नव्हतं. तुझं म्हणणं होतं, आजीच्या गावात सोसायटीच्या भिंतीवर 'विना सहकार नाही उद्धार' असं रंगवलंय, आणि बाबा, तू तर मला सारखा सांगतोस, सायकलची चेन स्वतः बसव, कुणावर अवलंबून राहू नकोस. मग मराठी माणसांचं खरं काय?

तोंडी सांगायला बसलो की तू मध्येच डचमध्ये वाद घालतेस आणि मी हरतो. म्हणून लिहून देतोय.

इर्जिक हा शब्द तू ऐकला नसशील. आजोबांच्या तोंडी सारखा असायचा. पाऊस तोंडावर आलाय आणि एखाद्याचं रान नांगरायचं राहिलंय, घरात आजारपण आहे किंवा बैल मेलाय, अशा वेळी गावातली माणसं आपापले बैल आणि नांगर घेऊन त्याच्या रानात उतरायची आणि दिवसभरात काम उरकून टाकायची. मजुरी नाही. ज्याचं रान त्याने जेवण घालायचं, तेही हात न आखडता. आजोबा म्हणायचे, इर्जिकीला कोण आलं ते कुणी लिहून ठेवत नसे, पण कोण आलं नाही ते दहा वर्षं लक्षात राहायचं.

एकच बैल असलेले दोघं पैरा करायचे. तुझा एक, माझा एक, आज तुझं रान, उद्या माझं. मदत मागताना आजोबांना मी कधी लाजताना पाहिलं नाही. पण पैरा फेडायचा राहिला असला की त्या माणसाच्या दारावरून जायचे नाहीत, लांबच्या वाटेने जायचे.

भिंतीवरचं वाक्य त्यानंतरचं, कारखान्यांच्या दिवसांतलं. नगर जिल्ह्यात पाटाच्या पाण्यावर ऊस होत होता, पण गुळाचा भाव व्यापारी ठरवायचा आणि साखर कारखाने होते खाजगी मालकांचे. दोन एकरवाला शेतकरी कितीही राबला तरी कारखाना काही उभा करू शकत नाही. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या कारखान्याची चाकं फिरली. शेअर एक असो की पन्नास, सभासदाला मत एकच. इर्जिकच ती, फक्त कागदावर आणली आणि बँकेचं कर्ज जोडलं.

पण भिंतीवर लिहिलंय म्हणून सगळं खरं, असं मी तुला सांगणार नाही. आपल्या घरातही एका कारखान्याचा शेअर होता. कुठला ते राहू दे. उसाचं बिल दोन-दोन वर्षं अडकायचं. आजोबा वार्षिक सभेला जायचे. मंडपात विषय वाचला जायचा, पुढच्या रांगेतून "मंजूर, मंजूर" असा ओरडा व्हायचा, चहा यायचा, सभा संपायची. मत प्रत्येकाला होतं, पण उठून "माझं बिल कुठाय?" विचारायला कुणी उभं राहत नव्हतं. आजोबाही नाही. हे लिहिताना मला जड जातंय, पण तू विचारलंयस.

शिवाय ऊस तोडायला बीडकडून जोडपी यायची. नवरा-बायको मिळून हिशेबात एक 'कोयता'. पाचटाच्या कोप्यांत राहायची, पहाटे अंधारात फडात शिरायची. त्यांच्यातल्या कुणाचाच शेअर नव्हता. आपला सहकार त्यांच्या कोपीपाशी येऊन थांबायचा, आणि लहान असताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

वेगळा विचार करणारेही होते. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाच्या इंजिनिअरने पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत सुरू केली. नियम असा की पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं : माणशी अर्ध्या एकराचं. भूमिहीनांनाही वाटा. ऊस लावायचा नाही. आणि योजनेच्या खर्चातला काही भाग ज्याने त्याने स्वतः भरायचा, फुकट काही नाही.

आता इथलं, नेदरलँड्समधलं बघ. आपलं घर समुद्रापेक्षा खाली आहे हे तुला शाळेत शिकवलंच असेल. पूर्वी इथल्या अनेक भागांत बांधाचे तुकडे पाडून दिलेले असत. हा तुकडा तुझा, तो त्याचा, ज्याने त्याने आपला राखायचा. एकाच्या तुकड्याला भगदाड पडलं तरी सगळा गाव पाण्याखाली. ज्याला झेपत नसे त्याने बांधात फावडं रोवायचं आणि जमीन सोडून निघून जायचं. जो ते फावडं उपटेल, जमीन त्याची आणि बांधही त्याचा. मला ही पद्धत क्रूर वाटते. एखाद्या वर्षी माणूस खचतो, तेव्हा त्याचं फावडं उपटण्यापेक्षा इर्जिकीला जाणारं गाव मला बरं वाटतं. पण "मंजूर, मंजूर" ओरडणाऱ्या मंडपात एक तरी फावडं रोवलेलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटतं. आता बांध वॉटरस्खाप, म्हणजे पाण्याची मंडळं, सांभाळतात. देशभरात अशी २१ मंडळं आहेत, त्यांची निवडणूक होते, आणि दरवर्षी त्यांचं बिल आलं की मी कुरकुरत भरतो, ते तू ऐकलंयस.

एवढे बांध असूनसुद्धा इथल्या पोरांना अंगावरच्या कपड्यांसकट पोहायला शिकवतात. तुझ्या डिप्लोमाच्या दिवशी आजी व्हिडिओ कॉलवर होती. तू पॅंट-शर्ट आणि बुटांसकट पाण्यात उडी मारलीस तेव्हा ती ओरडली होती, "अरे, बांध घातलेत ना त्यांनी? मग पोरीला का बुडवताय?" मी तेव्हा नुसता हसलो.

रविवारी तूच तिला फोन कर. फावड्याची गोष्ट सांग. आणि आजोबांच्या रानातल्या इर्जिकीला कोण आलं नव्हतं ते विचार. नाव तिला अजून पाठ आहे.

तुझा,
बाबा