गाणगापूर: शेवटचे वीस किलोमीटर

गाणगापूरला दत्तदर्शनासाठी निघालेल्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं.

आम्ही चौघे ठाण्याहून रेल्वेने जाणार आहोत. तिकीट नक्की कुठलं काढायचं? ॲपवर नुसतं ‘गंगापूर’ टाकलं की भलतंच काही येतं.

गंगापूर वेगळं, गाणगापूर वेगळं. गंगापूर हा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला तालुका. तुम्हाला जायचंय ते कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात, भीमा-अमरजा संगमाजवळ. सोलापूर-वाडी मार्गावर ‘गाणगापूर रोड’ नावाचं स्टेशन आहे, तिकीट तिथलं. पण त्यातल्या ‘रोड’कडे दुर्लक्ष करू नका. देऊळ तिथून वीस-बावीस किलोमीटर लांब आहे. तिकडे लोक ‘स्टेशन गाणगापूर’ आणि ‘देवल गाणगापूर’ अशी दोन नावं घेतात. बसमध्ये चढताना ‘देवल’ म्हणा.

सगळ्या गाड्या या स्टेशनावर थांबत नाहीत, आणि थांबतात त्यातल्या काही आडवेळी येतात. रात्री दोनला उतरून बायकामुलांसह फलाटावर उजाडायची वाट बघण्यात कसलंही पुण्य नाही. गाडी अवेळी पोचत असेल तर सरळ सोलापूर किंवा कलबुर्गीला उतरा आणि सकाळची बस धरा. आरक्षण करताना मी आधी परतीची गाडी बघतो, कारण खरी पंचाईत परतीच्या वेळी होते. देवळाकडून स्टेशनला जायला संध्याकाळनंतर वाहन मिळेलच, असं धरून चालू नका.

आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. एसटीत तिला मोफत प्रवास आहे. सोलापूरहून गाणगापूरपर्यंत तो चालेल का? आणि मला अर्धं तिकीट?

राज्याच्या हद्दीपर्यंतच. पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास (2022 पासून) आणि महिलांना अर्धं तिकीट (2023 पासून) या महाराष्ट्र सरकारच्या सवलती आहेत. हद्द ओलांडल्यावर पुढच्या टप्प्याचे पूर्ण पैसे पडतात. कंडक्टरशी हुज्जत घालू नका, त्याचं बरोबर असतं. कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही हे खरं, पण ती ‘शक्ती’ योजना तिथल्या रहिवासी महिलांसाठी आहे. आपलं आधार कार्ड महाराष्ट्राचं, तेव्हा तिकीट काढायचं. आईंचा वयाचा पुरावा मात्र मूळ कार्डासह जवळ ठेवा.

एका दिवसात अक्कलकोट आणि गाणगापूर दोन्ही होईल का? पुण्याहून स्वतःची गाडी आहे.

होतं, लोक करतात, पण दोन्हीकडे नुसती धावपळ होते. गाणगापूरचा दिवस माध्यान्हीभोवती फिरतो. दत्तावतार मानले जाणारे नृसिंहसरस्वती महाराज दुपारी भिक्षेला येतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून त्या वेळी भाविक झोळी घेऊन निदान पाच घरी माधुकरी मागतात, आणि ज्यांना मागायचं नसतं ते वाढतात. एरवी घरात पाण्याचा पेला दुसऱ्याने आणून द्यावा लागतो असे लोकही तिथे हात पसरून उभे असतात; मला हा भाग देवदर्शनाइतकाच मोलाचा वाटतो. अक्कलकोट उरकून, मैंदर्गी-दुधनीमार्गे दीड-दोनला पोचलात तर नेमका हाच हुकतो.

त्यापेक्षा आदल्या रात्री अक्कलकोटला मुक्काम करा. पहाटे निघून आधी संगमावर जा. स्नान, औदुंबर, भस्माचा डोंगर सगळं त्याच बाजूला आहे. मग गावात मठात, म्हणजे मुख्य देवळात या. तिथे महाराजांच्या निर्गुण पादुकांचं दर्शन छोट्या झरोक्यातून होतं, त्यामुळे रांग हळू सरकते. पादुकांवर पाणी घालत नाहीत, लेपन असतं. तेव्हा अभिषेकाचं तांब्या-भांडं सोबत नेऊ नका.

गुडघे दुखतात. गावात चालावं किती लागेल?

मठापासून संगम तीनेक किलोमीटर आहे, तिथे रिक्षाने जा. भाडं बसण्याआधी ठरवा आणि येण्याजाण्याचं एकत्र ठरवा. घाटाच्या पायऱ्या ओल्या असतात, हौसेने खालपर्यंत उतरू नका. मोजे न्या; एप्रिल-मेमध्ये तिथली फरशी दुपारी अक्षरशः पोळते.

आरतीच्या वेळी अंगात येणारे लोक असतात असं ऐकलं. सात वर्षांच्या मुलीला न्यावं का?

असतात. दुपारच्या आरतीला कुणी किंचाळतं, कुणी खांबांवर चढतं. मुलगी भित्री असेल तर आरती सुरू होण्याआधी दर्शन करून बाहेर या. ही माणसं तमाशाची नव्हेत, मोबाइल खिशात राहू द्या. आणि घरातलं कुणी मानसिक आजारावर औषध घेत असेल तर देवदर्शनाला खुशाल न्या, पण गोळी एक दिवसही चुकवू नका.

दत्तजयंतीला जावं का?

गर्दी सोसत असेल तर जा. नाहीतर पौर्णिमा आणि गुरुवार सोडून कुठलाही दिवस. पावसाळ्यात उजनीतून भीमेत पाणी सोडल्याची बातमी आली, तर संगमावरचं स्नान विसरा आणि निघण्याआधी जिथे उतरणार तिथे फोन करून रस्ता चालू आहे का ते विचारा.