पिस्तुलाची स्लाइड मधूनमधून अडकते तेव्हा

स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, अडकली तरी लगेच पिस्तूल खोलू नकोस. आधी मॅगझिनवर (गोळ्या भरायच्या पेटीवर) १, २, ३ असे आकडे टाक आणि स्लाइड अडकली की दर वेळी लिहून ठेव: कुठलं मॅगझिन, कितवी गोळी. एकाच मॅगझिनवर अडकत असेल तर दोष त्याच्या ओठांत (गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांत) किंवा स्प्रिंगमध्ये. पिस्तूल पॉइंट टू टू (.२२) कॅलिबरचं असेल तर चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागेत, मेण आणि शिसं साचतं, आणि रिकामं काडतूस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली काजळी. मला बहुतेक वेळा दोष तिथेच सापडलाय. मनगट सैल असलं तरी स्लाइड पूर्ण मागे जात नाही, म्हणून एकदा अनुभवी नेमबाजाला त्याच पिस्तुलातून गोळ्या झाडून बघायला सांग.

आणि हे कळकळीने सांगतो: आवाज दबका आला तर पुढची गोळी झाडायचीच नाही. नळी लक्ष्याकडेच ठेव, मॅगझिन काढ, चेंबर रिकामं कर आणि नळीत गोळी अडकलेली नाही याची खात्री करून घे.